थंड पावसातली ट्रायथलॉन: आधी हात सांभाळा

पुणे, कोल्हापूर, नाशिककडून बरीच मंडळी आयर्नमॅनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी, युरोपात जाते. तयारी मात्र आपल्या उन्हातली असते: एप्रिल-मेमधल्या लांब राइड, मिठाच्या गोळ्या, तासाला जवळजवळ लिटरभर पाणी, अंगावर पातळ ट्रायसूट (तिन्ही प्रकारांत चालणारा एकच तंग पोशाख). गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावरच्या ७०.३ ला (अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनला) हे सगळं लागू पडतं. कोपनहेगन, टॅलिन किंवा वेल्समधल्या टेन्बीला ऑगस्ट-सप्टेंबरात १२ अंश आणि वर पाऊस असा दिवस मिळाला, की याच सवयी नडतात.

अशा दिवशी पाय शेवटी थकतात, हात आधी जातात. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही, गिअर पडत नाही, जेलचं (घट्ट साखरेच्या पाकाचं) पाकीट फाटत नाही, हेल्मेटचं बकल लागत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारायचा: बधिर बोटांनी हे जमेल का? जमणार नसेल, तर ते काम आदल्या दिवशीच उरकून ठेवायचं.

पोहण्यापासून सुरुवात करू. आयर्नमॅनच्या नियमांप्रमाणे हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) चालतो, १६ अंशांखाली तो सक्तीचा असतो आणि जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे तो घालून पोहायला थंड पाणीच नसतं. २७-२८ अंशांच्या तलावात त्यात अर्धा तास पोहलात तर अंग तापून घेरी येईल. खांदे कुठे ओढतात आणि मानेला कुठे घासतं हे कळायला दहा मिनिटं पुरतात. घालताना पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पाय सरसर आत जातो. रबर नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी धरा. आणि सूट जांघेपर्यंत पूर्ण वर आल्याशिवाय बाह्या घालू नका. खाली मोकळी राहिलेली जागा खांद्यातून ताण काढते, आणि किलोमीटरभरानंतर हात उचलणं जड होतं.

पंधरा-सोळा अंशांच्या पाण्यात शिरताच श्वास अडकतो आणि मग धाप लागते. हा कोल्ड शॉक एक ते तीन मिनिटांत ओसरतो, पण सुरुवातीच्या गर्दीत तेवढ्यातच लोक घाबरून मदतीला असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) जाऊन धरतात. आधी चेहऱ्यावर पाणी मारा, गळ्याशी सूट ताणून थोडं पाणी आत सोडा आणि पहिले पन्नास स्ट्रोक मुद्दाम सावकाश घ्या, पाण्यात लांब श्वास सोडत. याची सवय लवकर होते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनीही फरक पडतो. त्यामुळे रेसच्या चार-पाच दिवस आधी पोचून रोज पाण्यात उतरणं हे हॉटेलचं भाडं वाचवण्यापेक्षा मोलाचं आहे. कानात इअरप्लग घाला. कानात थंड पाणी गेलं की बाहेर आल्यावर भोवळ येते आणि माणूस ट्रान्झिशनकडे (कपडे बदलून सायकल घ्यायच्या जागेकडे) झोकांड्या खात पळतो. डोक्यावर आधी निओप्रीनची (जाड रबराची) टोपी आणि तिच्यावर आयोजकांची टोपी घाला, पण निओप्रीनची टोपी चालते का ते त्या रेसच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

सगळ्यात जास्त रेस बिघडतात त्या पोहणं संपल्यावरच्या अर्ध्या तासात. पाण्यातून बाहेर आल्यावरही शरीराच्या आतलं तापमान काही मिनिटं खाली उतरतच राहतं, कारण हातापायांतलं गार झालेलं रक्त परत आत येतं. त्यात माणूस ओल्या ट्रायसूटवर सायकलवर बसतो. हवा १० अंश आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर कोरड्या कातडीलाही ती ६-७ अंशांसारखी लागते. ओल्या अंगाचं विचारूच नका. माझं स्पष्ट मत आहे: थंड पावसात टी-वनमध्ये (पोहणं ते सायकल या पहिल्या ट्रान्झिशनमध्ये) चार-पाच मिनिटं जास्त घालवा. पुढे १८० किलोमीटर कुडकुडत सायकल हाकण्यात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

क्रम असा ठेवा. पाण्यातून उठताच वेटसूटची चेन उघडून तो कमरेपर्यंत काढा. आत पाणी असेपर्यंत तो सहज सरकतो, पाणी निथळलं की अंगाला चिकटून बसतो. तंबूत आधी डोकं, छाती आणि हात टॉवेलने खसाखसा पुसा. मग लांब बाह्यांची जाडसर जर्सी किंवा जिलेट (बिनबाह्यांचं जाकीट), त्यावर पाणी न झिरपणारं जाकीट. आर्म वॉर्मर (सुट्या बाह्या) ओल्या दंडावर चढत नाहीत, त्यापेक्षा पुढून चेन असलेली जर्सी बरी. जाकिटाच्या चेनच्या टोकाला आदल्या दिवशीच जाड दोरीचा मोठा फासा बांधा, म्हणजे बधिर मुठीनेही ती ओढता येते. सायकलवर बिब (स्पर्धक क्रमांक) पाठीवर दिसायला हवा असेल, तर तो जाकिटावरून बांधा.

हातमोज्यांचं वेगळं सांगायला हवं. अस्तर असलेल्या मोज्यात ओला हात घातला की बोटं अडकतात, आणि हात बाहेर काढताना अस्तर उलटून येतं. मग तो मोजा पुन्हा घालता येत नाही. मोजे एक माप मोठे घ्या, हात पूर्ण कोरडे करा, आणि आत दवाखान्यात वापरतात तसले नायट्राइलचे पातळ मोजे घाला. बाहेरचा मोजा भिजला तरी वारा कातडीपर्यंत पोचत नाही. पायांनाही तसंच: निओप्रीनचे शू-कव्हर उत्तम, नाहीतर सॉक्सवरून पातळ पिशवी आणि त्यावर बूट. कार्बन तळव्याच्या बुटाला खाली हवेची भोकं असतात, त्यांवर इलेक्ट्रिशियनची टेप लावा. हे सगळे कपडे पिशवीत नुसते टाकू नका. ट्रान्झिशनच्या पिशव्या रात्रभर पावसात टांगलेल्या असतात, म्हणून प्रत्येक कपडा झिपलॉकमध्ये.

नॉर्वेतली नॉर्समन ट्रायथलॉन म्हणजे या सगळ्याचं टोक: पहाटे ५ वाजता फेरीबोटीतून हार्डांगर फ्योर्डमध्ये उडी, आणि मग आयडफ्योर्डहून सायकलवर सुमारे १२५० मीटर उंचीच्या पठारापर्यंत चढ. पण तिथे स्पर्धकाची स्वतःची मदतीची गाडी असते, कपडे बदलता येतात. आयर्नमॅनमध्ये बाहेरची मदत घेता येत नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या घरच्यांकडून जाकीट घेतलंत तर रेसमधून बाद होऊ शकता. मधल्या टप्प्यावर स्वतःची पिशवी ठेवायची सोय असेल, तर तिच्यात खाण्याआधी कोरडे हातमोजे टाका.

सायकलीकडे वळू. टायरमध्ये हवेचा दाब कोरड्या रस्त्याला ८५ पीएसआय ठेवत असाल तर ७५ ठेवा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, ट्रामचे रूळ आणि ओला पाचोळा हे सरळ ओलांडायचे, त्यांवर ना वळायचं ना ब्रेक दाबायचा. रिम ब्रेक असतील, त्यातही कार्बन रिम, तर पहिले काही फेरे पॅड नुसतं पाणी पुसतात आणि ब्रेक लागतच नाही. वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच दाबून रिम कोरडी करा, मग खरा ब्रेक. डिस्क ब्रेकला ही अडचण कमी, पण ओल्या वाळूत ऑरगॅनिक (रेझिनचे, मऊ) पॅड झपाट्याने झिजतात. अर्धे झिजलेले पॅड घेऊन विमानात बसू नका, घरीच नवे बसवून घासून घ्या.

ओल्या रस्त्यावर पंक्चर वाढतात, कारण पाण्यामुळे काचेचे कण टायरमध्ये सहज घुसतात. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) काडतुसातून हवा भरताना ते बर्फासारखं गार पडतं आणि ओल्या कातडीला चिकटतं. हातमोजा काढून ते धरू नका. पावसातली सायकल शिकायला मात्र आपल्यासारखी जागा नाही. जुलैत वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी गाठा आणि पाऊस चालू असतानाच जपून खाली उतरा. जाकीट कुठून गळतं, ब्रेक कधी लागतो आणि मोज्यातून गिअर सापडतो का, हे त्या उतारावर कळतं.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पीत नाहीत. बाटलीच हातात घेतली नाही की तिच्यातली साखरही पोटात जात नाही. आणि कुडकुडायला शरीर साखरही जाळतं. पाणी तासाला ५०० मिलिलिटरवर आणलं तरी चालेल, कार्बोहायड्रेट मात्र तासाला ६० ते ९० ग्रॅमवरून खाली आणू नका. पाणी कमी म्हणजे बाटलीतलं मिश्रण तेवढंच घट्ट करा, आणि ते पोटाला झेपतं का हे आधी सरावात बघा. जेल गारठून घट्ट होतात, ते आधीच बाटलीत थोड्या पाण्यात विरघळवून ठेवा. बारची वेष्टनं काढून तुकडे करून टॉप ट्यूबवरच्या (फ्रेमच्या वरच्या दांड्यावरच्या) डबीत टाका. चिक्की थंडीत दगडासारखी कडक होते, धापा टाकत ती चावता येत नाही. बिया काढलेला खजूर चालतो.

धावायला निघताना सॉक्स बदला, बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लावा आणि बुटांना आधीच इलॅस्टिकच्या नाड्या बसवा. पहिले दोन-तीन किलोमीटर जाकीट राहू द्या, अंग तापल्यावर काढून कमरेला बांधा. वाटेत फेकाल तर दंड होईल.

आणि थांबायचं कधी, हे घरीच ठरवून ठेवा. नुसतं कुडकुडणं चालतं. कुडकुडणं थांबलं तरी अंग गारच असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, साधा हिशेब चुकत असेल किंवा सायकल सरळ रेषेत जात नसेल, तर शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलेलं असू शकतं. पुढचा स्वयंसेवक दिसताच उतरा आणि त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. ओले कपडे आधी काढायचे, मग घोंगडी आणि कोमट गोड पेय. लगेच कढत शॉवरखाली उभं राहू नका, रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते.

सायकल बॉक्समध्ये भरण्याआधी सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करा, आतलं पाणी निथळू द्या. चेन पुसून तेल लावा. भारतात पोचेपर्यंत दोन दिवस जातात, तेवढ्यात ओल्या चेनवर गंज चढलेला असतो.