सातेरीचा पावसाळा

जून लागला की कोल्हापुरात सगळ्यांचं बोलणं एकच, पंचगंगेचं पाणी किती फुटावर आलं, राजाराम बंधारा बुडाला का, आणि माझा जीव मात्र गगनबावड्याकडं माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांत अडकलेला असतो. तिकडं एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस उसंत नसते, माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि पडल्या तरी फुलात काय मिळत नाही. मध काढायचा सीझन सगळ्यांना दिसतो, पण वसाहत, म्हणजे पेटीतलं माश्यांचं सगळं कुटुंब, टिकणार की पेटी सोडून जाणार ते ह्याच दिवसात ठरतं, आणि आपली सातेरी, म्हणजे आपल्याकडची देशी मधमाशी, तर उपाशी राहिली की सरळ उठून जाणारी जात.

आज दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून पटापट बघून घेतल्या. बांधावरच्या पेटीच्या दारात वर्दळ कमी वाटली, उघडली तर तळपाटावर मेणाचा भुगा. चौकटी सहा आणि माश्या जेमतेम चारवर, कडेच्या उघड्या पोळ्यात मेणकिड्यानं, म्हणजे पोळ्याचं मेण खाणाऱ्या पतंगाच्या किड्यानं, जाळी केलेली, अळ्या मेणात बोगदे पाडून आत बसलेल्या. मेणकिड्यानं वसाहत मारली असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही, आधी वसाहत कमी होते, पोळं राखायला माश्या उरत नाहीत, मग तो शिरतो. जोरकस वसाहत त्याला घुसू देत नाही. दोन्ही पोळी काढली, फळी आत सरकवून जागा लहान केली. जेवढ्या माश्या तेवढीच पोळी, पावसाळ्यात मी एवढं एक कटाक्षानं पाळतो.

बाकीच्या पेट्यांत पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, बघून बरं वाटलं, अळ्या पांढऱ्याशुभ्र, ओल्या, पोळ्यातल्या घराच्या तळाला अर्धगोल वळलेल्या. मला धास्ती असते ती थाई सॅकब्रूडची, अळ्या मारणाऱ्या रोगाची. १९९१-९२ ला त्यानं दक्षिणेत सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती संपवल्या. बंद घरांना बारीक भोकं दिसली आणि आत अळी डोकं वर करून ताठ पडलेली असली की समजायचं, चिमट्यानं ओढली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. हा व्हायरस आहे, अँटिबायोटिक घालून काही होत नाही, उलट ते मधात उतरतं. राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची, तेवढ्यात माश्या घरं साफ करतात, आणि आजारी पेटीतली चौकट दुसरीत अजिबात घालायची नाही. मी तर निरोगी दिसल्या तरी प्रत्येक पेटीनंतर चौकटी सोडवायची लोखंडी पट्टी जाळावर धरतो आणि हात साबणानं धुतो.

तात्यांशी आज परत तोच विषय निघाला, जांभळाचा मध काढताना खालच्या, पिलाव्याच्या कोठीतला सुद्धा घ्यायचा का. ते म्हणाले, "अरं साखर घालूया की पावसाळ्यात." म्हटलं तात्या, साखर पोट भरंल, पण अळ्यांना पराग लागतो तो साखरंत कुठला? खालचा मध माश्यांचा, तिथं सुरी लावायची नाही. तरी गरज पडली तर पाक द्यावाच लागतो, किलोभर साखरंला लिटरभर पाणी, तोही तिन्हीसांजेला आणि पेटीच्या आतच, कारण एक थेंब जरी बाहेर सांडला तरी मुंग्या येतात आणि शेजारच्या वसाहती लुटायला तुटून पडतात. बाजारातला मध तर चुकूनही देऊ नये, कुठल्या रोगट पेटीतला असंल काय सांगता येत नाही.

बांधावरच्या पेटीत राणी नीट शोधायच्या आत पाऊस आला, पिलाव्याला गारठा नको म्हणून झाकण लावलं. पुढच्या उघडिपीला तिथं आधी अंडी बघायची, राणी डोळ्यांना नाही दिसली तरी चालंल, अंडी असली म्हणजे गेल्या तीन दिवसात ती तिथनं फिरलीय. नसली तर शेजारच्या जोरकस पेटीतली अंड्याची एक चौकट द्यायची, म्हणजे माश्या त्यातनं नवी राणी करून घेतील, पण तिला मिलन-उड्डाणासाठी कोरडं ऊन लागतं, ते मिळंल का बघू.