बोर्ड किती फुटांवर?

सांगलीच्या गावभागात घराचं वायरिंग नव्यानं करायचं ठरलं की वायरमन लोड विचारतो आणि घरातली माणसं उंची विचारतात. इतर गावांत एमसीबीची, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, पेटी दाराजवळ, सहज हात पोचेल अशी लावून मोकळे होतात. इथं आधी चौकशी होते, "एकोणीसला पाणी कुठवर आलेलं?" मग कुणीतरी उठून भिंतीला तळहात टेकवून दाखवतं, दुसरं कुणी तो हात वीतभर वर सरकवतं, आणि चहा होईपर्यंत त्यावर वाद चालतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. हे आकडे इथं शाळकरी पोरंही सांगतील. त्याआधी २००५ चा पूर, त्यानंतर २०२१ चा. म्हणजे पेटीची जागा ठरवायला पुराव्यांची कमी नाही.

आमचा जुना बोर्ड सागवानी फळीवरचा. वर चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज, खाली काळे गोल खटके, बाजूला मेन स्विचचा लोखंडी डबा. त्याचा दांडा ओढताना असा काही खाडकन आवाज येतो, की झोपलेलं माणूस उठून बसतं. फ्यूज उडाला की आप्पा जुन्या वायरीतला तांब्याचा एक केस सोलून काढत, दोन स्क्रूंमध्ये ताणून बसवत आणि लाईट आली की सगळ्यांकडे एकदा बघून घेत. स्वयंपाकघराचा फ्यूज फारच वरचेवर जायला लागला, तेव्हा त्यांनी एकाच्या जागी तीन केस पिळून घातले. तेव्हापासून तो गेला नाही, हे ते पाहुण्यांनाही सांगत आलेत.

वायरमननं तो फ्यूज उपसला, तिन्ही केस बोटावर धरले, मग फळीमागची वायर जरा वाकवली. वरचं प्लास्टिक पापडासारखं मोडलं. "आप्पा, फ्यूज जात नव्हता म्हंजे वायर भाजत होती बगा."

आप्पा काही बोलले नाहीत. पण त्या पोरानं जे सांगितलं ते घर बांधणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. फ्यूज काय, एमसीबी काय, ती मुळात वायरीच्या रक्षणासाठी असते. म्हणून ती वायरीच्या जाडीवर ठरते. दिव्यांना दीड एमएमची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी. गीझर, एसीला चार एमएम आणि त्या मानानं मोठी. सारखी पडते म्हणून नुसती एमसीबी मोठी बसवणं आणि तीन केस पिळणं, दोन्ही एकच.

लोडची यादी करणं हा मात्र करमणुकीचा भाग. घरात कोण काय, किती वाजता लावतं हे कागदावर येतं आणि कुणालाच ते कबूल नसतं. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. इंडक्शन शेगडी साधारण तेवढंच. वर पाण्याची मोटर. "सगळं एकदम लावतंय कोण?" आई म्हणाली. सकाळी सातला आमच्याकडे दुसरं काही होतच नाही. वहिनीनं एसी हळूच यादीत घातला, दादानं तो आपल्याला दिसलाच नाही असं दाखवलं. एवढ्या लोडला थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन फेजचं कनेक्शन, यावर मग फार बोलणं झालं नाही. लोड वाढवायचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, आणि दरमहा जरा जास्त स्थिर आकार, एवढं ऐकून आप्पांनी मान हलवली.

खरी गंमत न्यूट्रलची. नव्या पेटीत आरसीसीबी येणार. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती बघत बसते. ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे करंट दुसरीकडून, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय, की क्षणात बंद. जुन्या घरात अडचण अशी की जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्याचा. कुणी कधी जोडला, देव जाणे. दिवा लागत होता, कुणाला काय पडलंय? आता वर-खाली वेगळ्या आरसीसीबी लावल्या तर तो एक दिवा लावताच दोन्ही मजले अंधारात. त्यामुळे आधी प्रत्येक न्यूट्रल कुणाचा ते शोधायचं, मग पेटी आणायची. घाई असणाऱ्यांनी या कामात पडू नये.

उंचीवर आईचं म्हणणं साधं होतं. कुणाला शॉक बसला तर पळत जाऊन बंद करता आलं पाहिजे, "स्टूल शोधत बसू काय मी?" आप्पांना पेटी छताला हवी. दोघांचंही बरोबर. शेवटी तोड निघाली ती अशी: मीटर आहे तिथंच खाली, त्याच्याजवळ एक मेन, आणि पेटी वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, आईच्या खांद्याच्या उंचीला. खालच्या मजल्याच्या सगळ्या लाईनी छतातून भिंतीवर खाली उतरवायच्या, जमिनीलगत काही नाही. खालचा मजला स्वतंत्र बंद करता येईल. पुरात वीज बंदच असते म्हणा. पण पाणी ओसरल्यावर खालचे ओले प्लग आठवडाभर वाळेपर्यंत निदान वर पंखा आणि फ्रिज चालेल. इन्व्हर्टरही वरच.

पेटी ८ वेची, म्हणजे आठ खटके बसतील अशी, पुरत होती. वायरमन १२ ची घ्या म्हणाला.

"वरचे चार रिकामे कशाला?" आप्पा.

"राहू द्या की. उद्या इलेक्ट्रिक गाडी घेतली, चार्जर लावला, तर परत भिंत फोडताय काय?"

"गाडी घेऊ," आप्पा म्हणाले, "पण आयर्विनला ४५ झाल्यावर ती कुठं नेऊन लावायची, ते आधी ठरव."