आमची वाटचाल : महालातलं ड्रेपरीचं दुकान

नागपुरात हौशी नाटक करणारी माणसं दिवसभर बँकेत, शाळेत, महावितरणात असतात आणि संध्याकाळी सातनंतर तालमीला जमतात. नाटकाचा खर्च बहुतेक वेळा त्यांच्याच पगारातून निघतो. अशा गिऱ्हाइकांवर ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचे कपडे शिवून भाड्याने देण्याचं, दुकान चालत नाही, हे आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चांगलं ठाऊक होतं. तरी दुकान काढलं ते नाटकासाठीच, आणि ते टिकावं म्हणून बाकीची कामं जोडत गेले. आमचा धंदा आजही याच हिशेबावर उभा आहे.

मामाजी नागपूरच्या महाल भागात शर्ट-पँट शिवायचे. १९८२ च्या सुमारास, टीव्ही रंगीत झाला त्या दिवसांत, ओळखीच्या एका ग्रुपने राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांच्याकडून अंगरखे शिवून घेतले. नाटक झाल्यावर ते ठेवायचे कुठे, म्हणून दुकानातच राहिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या ग्रुपने भाड्याने नेले. नागपूरचे नाटककार-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर, त्यांच्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेची शिस्त मामाजींनी पाहिली होती. स्वतः तालमीला जाऊन बसल्याशिवाय नाटकाचा कपडा कापायचा नाही, हा नियम त्यांनी तेव्हापासून पाळला आणि आम्हालाही लावला.

आमचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. गावोगावच्या मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, भरू लागल्या की झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, हंगाम उघडतो आणि वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी कपड्यांच्या पेट्या भरायला घ्यायच्या. तिथलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक लांबवर बसलेले, त्यामुळे रंग भडक हवेत आणि जरीचा काठ रुंद हवा. शहरातली मंडळी त्याला गावठी म्हणतात तेव्हा मला राग येतो. तिकीट काढून भर थंडीत रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक त्यांनी कमावला आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या दुकानात पेढे वाटले.

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. मावळे, कोळी, वारकरी, फुलपाखरं, झाडं. मग शिवजयंती, आणि रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेतले चित्ररथ. कारागिरांचे वर्षभराचे पगार या कामांतून निघतात, म्हणून नाटकाचा दर आम्ही शाळेच्या निम्मा ठेवू शकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा पेट्या उपसायच्या, कडुलिंबाचा पाला बदलायचा, उसवलेलं शिवायचं. गांधीबागेतून वर्षाचं कापडही तेव्हाच आणतो.

नाटकाचं काम खरं कशात असतं ते सांगते. पांढरंशुभ्र लुगडं दिव्याखाली डोळ्यांवर येतं, म्हणून ते चहाच्या पाण्यातून काढायचं. निळा रंग पिवळ्या-नारिंगी प्रकाशात मरतो आणि काळपट दिसतो, म्हणून कापड घेण्याआधी तुकडा प्रकाशयोजनाकाराला दाखवायचा. जरीचा अंगरखा धुता येत नाही, पण घाम तर येणारच. मामाजींनी त्याला आतून सुती अस्तर लावलं, ते काढता-घालता येतं आणि रोज धुता येतं. एका दोन अंकी नाटकात मुलीला काही सेकंदांत विधवेची नववधू व्हायचं होतं. आधी वेल्क्रो लावून पाहिला. झटकन सुटला, पण तालमीत विंगेतून त्याचा चर्रर्र आवाज पार मागच्या खुर्चीपर्यंत गेला, आणि तो प्रसंग होता अगदी शांत. मग आमच्या दुकानातल्या शिंपी मास्तरांनी सगळा वेल्क्रो उसवला आणि पाठीवर टिचबटणं लावली, तीही अशी की विंगेतल्या अंधारात नुसत्या बोटांनी सापडावीत. "काकू, आता पाहा," म्हणत ती मुलगी तालमीत तो बदल पुन्हा पुन्हा करत राहिली. सायंटिफिक सभागृहात प्रयोग झाला तेव्हा मी आणि मास्तर विंगेतच उभे होतो.

ऑनलाइन मिळणारे तयार पोशाख शाळेच्या नाचाला ठीक आहेत, स्वस्तही पडतात. नाटकातल्या माणसाच्या अंगावर मात्र कपडा रोज वापरल्यासारखा दिसावा लागतो. कोपर झिजलेलं हवं, खिसा ओघळलेला हवा. असा माल आम्हाला बाजारात मिळत नाही, तो गावातले लोक देतात. रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी कोट दिला, एका आजींनी लग्नातला शालू दिला. ग्रुपही प्रयोग संपले की स्वतः शिववलेले कपडे आमच्याकडे ठेवतात आणि पुढच्या नाटकाला हवं ते बिनभाड्याने नेतात. वहीत त्याची नोंद असते, पैशाचा व्यवहार नसतो. अर्ध्याअधिक मांडण्या अशाच भरल्या आहेत.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, शाळाही बंद. दवाखान्यांचे गाऊन शिवून घर चाललं, दुकानाचं भाडं मात्र थकलं. तेव्हा एका ग्रुपची मुलं पुढच्या नाटकाची आगाऊ रक्कम देऊन गेली. कुठलं नाटक, विचारलं. "ते नाही ठरलं अजून, पण करणार आहो," म्हणाली. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली, आणि त्यांचं नाटकही उभं राहिलं. त्याचे कपडे मी स्वतः बेतले.

आता माझी मुलगी दुकानात येते. प्रत्येक पोशाखाचा फोटो, माप आणि कोणत्या नाटकात वापरला हे ती मोबाइलवर नोंदवते आहे. कॉलेजच्या मुलांकडून आम्ही डिपॉझिट घेत नाही, फक्त तालमीला बोलवा म्हणतो. यंदा ज्यांना स्पर्धेत उतरायचं आहे त्यांनी संहिता पक्की झाली की लगेच या. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी आलात तरी कपडे देऊ, पण ते दुसऱ्याच्या मापाचे असतील.