तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिक गाडी का घेत नाही?

सोसायटीच्या मीटिंगला, लग्नकार्यात, आता तर भाचाही विचारतो, "धुराबद्दल एवढं बोलतेस, मग इलेक्ट्रिक गाडी का घेत नाहीस?" परवडत नाही हे अर्धंच खरं. हप्त्यांवर आली असती.

शीवच्या एका स्टॉपवर आईबरोबर उभी होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला नुकतंच हिंडायला सांगितलं होतं. लो-फ्लोअर बस फुटपाथला लागली की पाय फार उचलावा लागत नाही, म्हणून मुद्दाम बसनेच निघालो. बस आली, पण स्टॉपला लागणार कुठे? तिथे हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे इलेक्ट्रिक, मोटार लावलेली. बस रस्त्यातच थांबली. म्हणजे आईने फुटपाथ उतरायचा, मोटारीला वळसा घालायचा, बाइकवाले चुकवायचे आणि मग बसमध्ये चढायचं. ती फुटपाथ उतरली आणि तिथेच थिजली. माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मागून हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर थांबला होता, पण बिचारा किती थांबणार? बस गेली. "घरी जाऊ या," आई म्हणाली. दादरला मावशीकडे एकटीने जायचं त्यानंतर तिने नावच काढलं नाही.

त्या मोटारीतून धूर येत नव्हता, मान्य. जागा तेवढीच अडली होती.

सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी मीच भांडले होते. गाड्या येणारच, निदान धूर न सोडणाऱ्या येऊ देत, असं म्हणायचे. ते आजही मला खोडता येत नाही. पण या शहरात 1907 मध्ये ट्राम विजेवर धावली, 1925 मध्ये व्हीटी-कुर्ला लोकल. ती वीज गर्दीसाठी होती. ट्राम 1964 मध्ये बंद केली. आणि आता? ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवर मोटारींना टोल माफ, मे 2025 मध्ये बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये. मोटारवाल्याला सूट आणि बसवाल्याला दुप्पट भाडं, याचा राग येऊ नये?

आईला दवाखान्यात न्यायला मी टॅक्सी बोलावते. भाचा नेमकं तेच दाखवतो. दाखवू दे. टॅक्सी आम्हाला सोडून पुढचं भाडं घेते. माझी गाडी बाहेर तासभर रस्ता अडवून उभी राहिली असती.

पण त्याची बायको रात्रपाळी करते. सुटते तेव्हा तिच्या वाटेवर बस नसते. तिने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, आणि तिला मी काहीही बोलू शकत नाही.