तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लॉक की वॉल्थर?

बालेवाडीच्या रेंजवर मुलांना सोडायला आलेले पालक विचारतात, सोसायटीतले काका विचारतात, भाचा तर थेट अमेरिकेतून मेसेज टाकतो: "मावशी, टार्गेट शूटिंगसाठी पिस्तूल कोणतं, ग्लॉक १७ घेऊ की वॉल्थर पीडीपी?" काकांनाही स्वतःसाठी नको असतं, त्यांचा मुलगा तिकडे असतो.

उत्तर आधी सांगून टाकते. फक्त कागदावर नेम धरायचा असेल आणि हाताला बसत असेल, तर वॉल्थर.

आता कारणं. वरवर पाहिलं तर दोघांत निवडण्यासारखं काही नाही. दोन्ही ९ मिमीची, फ्रेम पॉलिमरची म्हणजे कडक प्लॅस्टिकची, वर मागेपुढे सरकणारी पोलादी स्लाइड, नळी साधारण साडेचार इंचांची (पीडीपीत लांबी निवडता येते), किमतीतही फार फरक नाही. ग्लॉक वयानं मोठं. पडद्यांचे रॉड आणि सुऱ्या बनवणाऱ्या गास्टोन ग्लॉक यांनी ते ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनवलं आणि १९८२ मध्ये ते निवडलं गेलं. पॉलिमर फ्रेमचं पहिलं पिस्तूल मात्र ते नव्हे, तो मान हेकलर अँड कॉखच्या व्हीपी ७० चा, १९७० चा. पीडीपी २०२१ चं. डावखुऱ्यांनीही काळजी करू नये, आताच्या ग्लॉकमध्ये आणि पीडीपीत स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवून ठेवणारी कळ) दोन्ही बाजूंना आहे आणि मॅगझिनचं (गोळ्यांच्या पेटीचं) बटण बाजू बदलून लावता येतं.

खरा फरक ट्रिगरचा, आणि पॉलिमर पिस्तुलात तो का महत्त्वाचा ते बघा. आमचं १० मीटरचं एअर पिस्तूल किलोच्या आसपास असतं आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, म्हणजे तो ओढायला तेवढा जोर लागतो. हातातल्या वजनाच्या निम्म्या जोरात शॉट सुटतो. ग्लॉक रिकामं असताना पाऊण किलोही भरत नाही, गोळ्या भरल्या तरी किलोच्या आसपास. ट्रिगर मात्र अडीच किलोच्या घरातला. हलकी वस्तू स्थिर धरायची आणि तिच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोर एका बोटानं लावायचा! पिस्तूल हलणार नाही तर काय होणार? पोलिसांच्या आणि सैनिकांच्या हातात ते चुकून उडू नये म्हणून ट्रिगर तसा ठेवलाय, त्यात खोट नाही. पण कागदावरच्या दहा गुणांच्या गोलाला त्याचं काय?

वॉल्थरचा ट्रिगरही काही पिसासारखा नाही, वजनात थोडाफारच फरक. पण ग्लॉकचा ट्रिगर सुरुवातीची ढील संपल्यावर रबरासारखा ताणत जातो आणि कधी सुटेल ते नक्की कळत नाही. पीडीपीचा एका ठिकाणी येऊन थांबतो आणि स्वच्छ तुटतो. शॉटनंतर बोट जरासं पुढे सोडलं की पुन्हा तयार. नव्या माणसाला याचा फायदा ग्रुपमध्ये, म्हणजे गोळ्या कागदावर किती जवळजवळ लागतात त्यात, दिसतो. ग्लॉकला बाजारात दुसरे ट्रिगर मिळतात, हे मला माहीत आहे. पण मुळात विकत घेतानाच बदलायचं ठरवून घ्यायचं, हे माझ्या पुणेरी हिशेबात बसत नाही. फॅक्टरीतून येणाऱ्या ग्लॉकच्या प्लॅस्टिकच्या साइट्सही (नेम धरायच्या खुणाही) बहुतेक लोक बदलतातच.

आता ती हाताची अट. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून, चेंबरमध्ये, जिथे गोळी बसते तिथे, डोळ्यांनी बघून. दुकानदारानं "रिकामंच आहे" म्हटलं तरीही. मग नेहमीसारखं पकडा आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ बसतो का बघा. बोट पुरत नसेल तर तुम्ही ट्रिगर मागे न ओढता बाजूला ढकलता, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जमायला लागतात. रेंजवर असं टार्गेट आलं की मी साइट बघत नाही, बोट बघते. दोन्ही पिस्तुलांबरोबर मुठीच्या मागच्या पट्ट्या बदलायला मिळतात, त्या लावून बघा. हात लहान असेल तर पीडीपीची एफ सिरीज आहे, तिच्यात ट्रिगरपर्यंतचं अंतरच कमी केलंय.

दुकानदाराची हरकत नसेल तर फ्रंट साइटमागे स्लाइडवर एक नाणं ठेवायचं आणि रिकामा ट्रिगर ओढायचा. ज्या पिस्तुलावर नाणं टिकतं, ते तुमचं. ते ग्लॉक निघालं तर बेलाशक ग्लॉक घ्या, माझं नाव सांगून वॉल्थर घेऊ नका.

दोघांकडूनही ऑलिंपिकची अपेक्षा नको. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचा गोल ५० मिमीचा असतो. अशी सर्व्हिस पिस्तुलं साध्या गोळ्यांनी त्या अंतरावर साधारण पाच-सात सेंटिमीटरचा ग्रुप देतात. म्हणजे तुम्ही काही चूक केली नाहीत तरी एखादा शॉट दहाच्या बाहेर जाऊ शकतो.

आणि पुण्यातच घ्यायचं म्हणत असाल तर विषय मिटला. ९ मिमी आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेला बोअर, सामान्य माणसाला परवाना नाही. १८६९ पासूनचा दारूगोळ्याचा कारखाना खडकीत आहे, आणि खडकीकराला ९ मिमीचं पिस्तूल बाळगता येत नाही! इथे एअर पिस्तुलावर हात बसवा. मग .२२ बोअरच्या पिस्तुलावर.

तिकडच्यांसाठी एक गोष्ट, जी भाच्याला माहीतच नव्हती. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. पण एचवनबीवर किंवा टुरिस्ट व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या कायद्यानं एरवी बंदूक बाळगायला बंदी आहे आणि रेंजवर भाड्यानं घेणंही त्यातच येतं. एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना जवळ असेल तर सूट मिळते. भावाकडे गेले तेव्हा मीही काढला, वरणभात खाणारी बाई असून. तेव्हा ग्लॉक की वॉल्थर नंतर ठरवा. आधी तो परवाना काढा, मुदत बघा, आणि रेंजवर जाताना पासपोर्टबरोबर ठेवा.