थेरपी थांबवायची वेळ

सांगली, रविवार रात्र

दिवाळीची सुट्टी संपून शाळा रुळावर आली, की ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरांत एक प्रश्न वर येतो : बिहेवियर थेरपी (बक्षीस देत, छोट्या पायऱ्यांनी वागणं-बोलणं शिकवणं) अजून किती दिवस? विचारताना आईबापांच्या आवाजात अपराधीपणा असतो. तो नसावा, असं फार वाटतं.

त्याचं मूळ बरंचसं ४० तासांच्या आकड्यात आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासात चार वर्षांखालच्या १९ मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी दिली गेली आणि त्यातली ९ मुलं पुढे साध्या शाळेतून पहिली पास झाली. हे सगळे सांगतात. उरलेल्या १० जणांबद्दल कुणी बोलत नाही. त्या थेरपीत मांडीवर चापटही मारली जायची, हेही कुणी सांगत नाही. शाळेतून दमून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला त्या मापाने कशाला मोजायचं?

थांबायचं कधी, हे खरं तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं. ‘संवाद सुधारणे’ असं नव्हे. ‘तहान लागली की कुणी न सांगता पाण्याचं चित्र असलेलं कार्ड देतो, दहापैकी आठ वेळा, तीन वेगळ्या माणसांना, दोन वेगळ्या ठिकाणी’ असं. गाडी अडते ती या शेवटच्या अटीवर. विश्रामबागेतल्या थेरपीच्या खोलीत दहापैकी दहा वेळा कार्ड देणारं मूल तासगावला आजीकडे गेलं की तहानेने रडत बसतं. त्याने पाणी मागणं शिकलेलंच नसतं; या ताईंना, या टेबलावर कार्ड देणं शिकलेलं असतं. अशा वेळी खोलीतले तास वाढवून काही होत नाही. ते कमी करून तेच काम स्वयंपाकघरात, एसटी स्टँडवर, मंडईत न्यावं. आजीच्या हाती कार्ड द्यावं आणि मुलाने मागेपर्यंत पाच सेकंद थांबायला तिला शिकवावं. आजीला हे पाच सेकंद फार जड जातात.

तीन महिने मुलाच्या प्रगतीच्या आलेखाची रेघ सपाट असेल, तर आधी कारण शोधावं. ताईंनी कोपराला हात लावल्याशिवाय मूल हलत नाही का? वेफर्सच्या बक्षिसाचा कंटाळा आलाय का? पायरीच मोठी आहे का? बदल करून सहा आठवडे पाहावं. तरीही रेघ हलली नाही, तर ते ध्येय सोडावं. हात फडफडवणं बंद करायचं, असं ध्येय कागदावर असेल तर ते आजच खोडावं. त्याने कुणाला इजा होत नाही, उलट मूल त्यातून स्वतःला शांत करतं.

थेरपीच्या जिन्याशीच रडणं, थेरपीच्या दिवशी सकाळी उलटी, उडालेली झोप, नव्याने स्वतःला चावणं : हे दिसलं तर आलेख कितीही चढता असो, थांबवावं आणि मुलाला डॉक्टरांना दाखवावं. एक फरक मात्र ओळखायला हवा. हट्टाला मिळणारं फळ बंद झालं की तोच हट्ट थोडे दिवस उसळतो आणि ओसरतो. भीती एका हट्टापुरती राहत नाही. ती झोपेत, जेवणात, सगळ्या दिवसात पसरते.

काम झालं म्हणून थांबवताना एकदम तोडू नये. आठवड्याचे दहा तास असतील तर सहा, मग तीन, मग पंधरवड्याला एकदा, मग महिन्याला. प्रत्येक पायरीवर चार-सहा आठवडे तरी राहून, शिकलेल्या पाच-सहा गोष्टी टिकल्यात का पाहावं. दोन घसरल्या तर एक पायरी मागे यावं. जूनमध्ये, शाळा उघडताना, हे सुरू करू नये. ढोलताशांच्या दिवसांत, गणपतीतही नको. स्पीच थेरपी त्याच महिन्यात बंद करू नये, नाहीतर काय कशामुळे बिघडलं ते कळत नाही.

पैसे संपले, हेही खरं कारण आहे. मग दोनच गोष्टी धराव्यात : संडास-लघवीला जाणं आणि मदत मागणं.

शेवटचा अहवाल लेखी घ्यावा. कुठली मदत लागते, कुठलं बक्षीस चालतं, हे त्यात हवं. शाळेतल्या बाईंना ते उपयोगी पडतं. आणि मुलालाही सांगावं. कॅलेंडरवर शेवटच्या तीन भेटींच्या चौकटींत ताईंचे छोटे फोटो चिकटवावेत. प्रत्येक भेट झाली, की त्या दिवसाचा फोटो त्यालाच काढू द्यावा.