अपोलुओ: कार्डांची फेरमांडणी

नव्या करारातली ‘अपोलुओ’ (सोडणे) या ग्रीक क्रियापदाची साठाहून अधिक स्थळे अभ्यासाच्या कार्डांवर आहेत; ती आता मराठी अर्थाऐवजी कर्म आणि प्रयोग पाहून लावली आहेत. कर्म कैदी असेल तर सुटका, बायको असेल तर सूटपत्र म्हणजे घटस्फोट, लोकसमुदाय असेल तर निरोप (मत्तय 14:22-23). बहुतेक कार्डे एवढ्यानेच जागेवर बसतात.

काळ ओळखायच्या सरावाला मार्क 15 घ्या. 6व्या वचनात ‘अपेलुएन’, म्हणजे पिलात सणाला एक कैदी सोडत असे. 15व्यात ‘अपेलुसेन’, म्हणजे बरब्बाला सोडले. फरक एका सिग्माचा, म्हणजे ‘स’ या अक्षराचा.

खरा घोळ ‘अपोल्लुमि’शी (नाश करणे) होतो. मत्तय 27:20 मध्ये येशूला ‘अपोलेसोसिन’, ठार करवावे. लगेच 21 मध्ये पिलात विचारतो, कोणाला ‘अपोलुसो’, सोडू? ‘ले’ की ‘लु’ एवढेच पाहायचे. अओरिस्टमध्ये (साध्या भूतकाळात) आगम, म्हणजे भूतकाळ दाखवणारा स्वरबदल, हाही मदतीला येतो: ‘अपेलुसा’ आणि ‘अपोलेसा’, दुसऱ्यातला ‘पो’ दीर्घ, ओमेगाचा (ग्रीक दीर्घ ‘ओ’). मत्तय 1:19 आणि 2:13 ही जोडीही शेजारी ठेवावी: योसेफाचे ‘अपोलूसाइ’ (सोडणे), हेरोदाचे ‘अपोलेसाइ’ (ठार करणे).

कर्मणीत मामला रंगतो. लूक 13:12 चे ‘अपोलेलुसाइ’ पूर्णकाळी आहे आणि पुढे आजार षष्ठीत येतो: सुटलीस, ती सुटलेलीच. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, गणना 20:29 ला अहरोन ‘अपेलुथे’, म्हणजे वारला. हे कार्ड हाताशी असेल तर लूक 2:29 मधला शिमोन काय मागतो ते वेगळे सांगावे लागत नाही. फक्त तिथे क्रियापद कर्तरी आहे आणि सोडणारा धनी. लूक 6:37 ला कर्मच नाही. आधी न्याय करणे, दोषी ठरवणे आहे, म्हणून ते क्षमेच्या कप्प्यात. प्रेषितांची कृत्ये 28:25 चे ‘अपेलुओन्तो’ मध्यम प्रयोगी: लोक आपणहून निघून जाऊ लागले.

घटस्फोटाच्या कप्प्यात पौलाचे एकही कार्ड नाही. 1 करिंथ 7 मध्ये तो ‘खोरिझो’ (वेगळे करणे) आणि ‘अफिएमि’ (सोडून देणे) वापरतो. मार्क 10:12 मात्र वेगळ्या रंगाच्या कार्डावर, कारण तिथे सोडणारी बायको आहे.

इब्री 13:23 अजून कप्प्याबाहेर आहे. तीमथ्य ‘अपोलेलुमेनोन’ तुरुंगातून सुटलेला, की कामगिरीवर रवाना झालेला? दुसऱ्या अर्थाला कृत्ये 13:3 चा आधार आहे. वचनात तुरुंगाचे नाव नाही, पण इब्री 13:3 मध्ये बंदिवानांची आठवण आहे, म्हणून सुटकेचे पारडे थोडे जड.